फडावरचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहिला. आमच्या बॅचला 'सर' म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, पण स्मरणिकेतली माझ्या वाट्याची जागा मी सरांनाच देणार आहे.

साल १९७२, दुष्काळाचं. घरोघरची माणसं खडी फोडायला जात होती, सुकडीवर पोरं जगत होती. सर इतिहास-भूगोल शिकवायचे. खान्देशचा इतिहास म्हणजे फारुकी राजे, १९०६ साली जिल्ह्याचे झालेले पूर्व-पश्चिम असे दोन भाग आणि १९३६चं फैजपूर काँग्रेस, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. हे सगळं आम्ही घडाघडा म्हणून दाखवलं, तर सर म्हणाले, "आणि यात आपलं गाव कुठंय रे?"

दुसऱ्या दिवशी आख्खा वर्ग पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर! तिथं पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी आबा होते. "आबा, आजचा तास तुम्ही घ्या," असं म्हणून सर आमच्यातच मांडी घालून बसले. आबांनी उभ्या जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती. बराच वेळ ते नुसती तंबाखू मळत राहिले. मग बोलू लागले ते अहिराणीतच. एरवी वर्गात अहिराणी निघाली की खसखस पिकायची. त्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण सर वहीत उतरवून घेत होते. मध्येच म्हणाले, "आबा, जरा हळू. माझं लिहिणं मागं पडतंय."

आबांनी सांगितली ती फड पद्धत. बंधाऱ्याच्या पाटावर भिजणाऱ्या गावच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले, तो एकेक भाग म्हणजे फड. फडात ज्याचं वावर, त्यानं आपल्या मर्जीचं पीक घ्यायचं नाही. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. एका फडात ऊस, तर दुसऱ्यात हंगामी पिकं, आणि पुढं फेरपालट. पाणी कमी पडलं तर फड कमी भिजवायचे. पाणी फिरवायचं पाटकऱ्यानं, राखण जागल्यानं करायची, दोघांवर नजर हवालदाराची. मोबदला बहुतेक धान्यातच. सरकारी खात्याच्या आधी कितीतरी पिढ्या हे चालत आलेलं. "पानी कोना बापनं नही," आबा म्हणाले. सरांनी तेही उतरवून घेतलं आणि सहामाहीत त्यावर चक्क दहा मार्कांचा प्रश्न घातला!

पुढं मी पाटबंधारे खात्यात लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या मुलाखतीत पाणीवाटपावर विचारलं, तेव्हा मी पुस्तकातलं न सांगता आबांचा फड सांगितला. साहेब लोक खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. निवड झाल्याचं सरांना कळवलं, तर उलटटपाली कार्ड आलं : 'आबांना भेटून सांग.' अभिनंदनाचा एक शब्द नाही! सर असेच.

आता गावात धाब्याची घरं शोधावी लागतात. जो तो आपली विहीर, आपली बोअर, आपली मोटार यात गुंतलाय. फडातलं एक पीक कधीच मोडलं. कानबाई देवीच्या सणाला भाऊबंद गोळा होतात, पाटाचा गाळ काढायला मात्र कोणी येत नाही. मी खात्यातला माणूस, नव्या धरणांविरुद्ध बोलणार नाही. पण पूर्वी फडाचे पंच एका बैठकीत मिटवायचे तसली पाण्याची भांडणं आमच्या कचेरीत वर्षानुवर्षं पडून राहिलेली मी पाहिली आहेत.

शाळेची सहल यंदा वॉटर पार्कला गेल्याचं ऐकलं. जाऊ द्या, पोरांना मजा हवीच. मुख्याध्यापकांना एवढंच विनवतो, आठवीच्या वर्गाला एकदा बंधाऱ्यावर न्या. आबांचा नातू गावातच असतो, त्याला पाटाची खडान्‌खडा माहिती आहे. सरांची ती वही माझ्याकडे आहे, तिची झेरॉक्स मी शाळेला देतो.