तेरड्याचे लाल ठिपके

आठवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी तेरड्याची एक फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली होती. मधल्या सुट्टीनंतर ब्लेडने त्या दांड्याच्या चकत्या कापून त्यांनी आमच्या तळहातांवर ठेवल्या. पाण्यासारख्या नितळ चकतीत कडेकडेने लाल ठिपके! "ह्या झाडाच्या पाण्याच्या नळ्या," बाई म्हणाल्या. मी विचारलं, मग साग उन्हाळ्यात पानं का टाकतो? "खालून पाणी येईना आणि वरून उडतच राहिलं, तर पानं ठेवणं झाडाला परवडत नाही."

पुढे नोकरीसाठी अमेरिकेत, व्हरमाँटला आलो. पहिल्याच हिवाळ्यात दारात गुडघाभर बर्फ आणि झाडांचे नुसते खराटे. एवढं पाणी पायाशी असून पानगळ? बाईंचं वाक्य आठवलं आणि उलगडा झाला. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. आपल्याकडच्या सागाचा एप्रिल तो इथल्या मेपलचा जानेवारी. पाइन हिरवा राहतो, पण त्याच्या सुया मेणचट, रंध्रं (पाणी उडून जाण्याची बारीक छिद्रं) आत दडलेली.

खरी गंमत नळ्यांची आहे. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, बुडबुडे होतात आणि बर्फ वितळला तरी पाण्याची धार तुटलेलीच राहते. बर्च वसंतात मुळांकडून दाब देऊन नळ्या पुन्हा भरून घेतो. ओकच्या नळ्या रुंद. उन्हाळ्यात त्या भरपूर पाणी वाहतात, पण कडक थंडीत बहुतेक सगळ्या निकामी होतात. म्हणून तो दर वसंतात आधी नव्या नळ्यांचं कडं बांधतो आणि मगच पानं फोडतो. शेजारची झाडं हिरवी झाली तरी ओक उघडाच दिसतो, तो यामुळे. पहिली काही वर्षं मला तो वाळलाय असंच वाटायचं.

शेकोटीसाठी तांबड्या ओकचं लाकूड फोडताना त्या नळ्यांची भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात, कड्याकड्यांनी मांडलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुऱ्हाड खाली ठेवून मी कितीतरी वेळ तो ओंडका न्याहाळत बसलो. बाई तेव्हा शेजारी हव्या होत्या.

शाळेच्या महोत्सवाला येताना त्या लाकडाचा बोटभर वाळका तुकडा घेऊन येतोय. एका टोकाला साबणाचं पाणी लावायचं आणि दुसऱ्या टोकाने जोरात फुंकायचं. आरपार फेस येतो. आठवीच्या मुलांना करू द्या.