गोवा ते सोलापूर विमानाने: हवेत तासभर, फाटकाबाहेर पाऊण तास

"विमानतळाबाहेर आलं की रिक्षा रांगेत उभ्या असतात," असं निघण्याआधी दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मी उतरलो तेव्हा दोनच होत्या. पहिल्याने शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंत ५०० सांगितले.

"मामा, मीटरनं चला की."

"मीटर कुठलं घेऊन बसलाव? परत रिकामं यावं लागतंय."

दुसऱ्याचा भावही तोच. अक्कलकोटला निघालेल्या एक आजी पदराच्या गाठीतून नोटा सोडत होत्या, ते बघून माझं डोकंच फिरलं. पाऊण तास घासाघीस करून शेवटी बॅग ओढत होटगी रस्त्यावर आलो आणि आसरा चौकाकडे जाणारी शेअर रिक्षा पकडली. २० रुपये. तुम्हीही तेच करा. सामान जास्त असेल तर घरच्यांना गाडी घेऊन बोलवा. फाटकात भाव ठरवत बसू नका.

विमानतळाबद्दल मात्र तक्रार नाही. टर्मिनल लहान पण लख्ख आहे, वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवासी धरून नव्याने केलेलं. बॅगही लवकर मिळाली. लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, पण गोव्याचं विमान सुरू व्हायला ९ जून २०२५ उजाडलं. त्याआधी किती वर्षं आपण विमानाच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून भांडलो! १५ जून २०२३ ला ती पाडली. उतरताना खिडकीतून मी आधी तिचीच जागा शोधली. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आपल्या गावात विमानाने उतरलो होतो.

त्या भरात सांगतोय असं वाटेल, पण गोव्याहून येणाऱ्याने रात्रभर बसमध्ये अंग मोडून घेऊ नये. विमान पंख्याचं, एटीआर. वरचे कप्पे अरुंद, मोठी ट्रॉली वर बसत नाही, ती आधीच चेक-इन करा. वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

आणि बाहेरगावच्या गाडीवाल्याला "होटगी रोड" असं स्पष्ट सांगा. माझ्या मावसभावाचा ड्रायव्हर थेट सोलापूरजवळच्या बोरामणी गावाला गेला, कारण नवीन विमानतळ तिथे होणार हेच त्याने वर्षानुवर्षं ऐकलेलं. तिथे विमान उतरत नाही.

महापालिका परिवहनाची एक शहर बस विमानाच्या वेळेला फाटकाशी उभी राहिली पाहिजे. टर्मिनल वाढवलं, आता हे करा. तोवर तुळजापूर-अक्कलकोटला जाणाऱ्यांनी आधी एसटी स्टँड गाठावा, फाटकावरून परस्पर गाडी करू नये.