वावरातल्या आभाळासाठी दुर्बीण निवडताना

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून हिवाळ्यात बाबा आणि मी जागलीला जातो. आमचं वावर दारव्हा तालुक्यात, गावापासून बरंच आत. अमावास्येच्या आसपास तिथून देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. लग्नांचे फोटो काढणाऱ्या मावसभावाकडून त्याचा जुना कॅनन कॅमेरा घेतला आणि १८ मिलिमीटरच्या लेन्सने १५ सेकंदांचे फोटो काढू लागलो. मृगाचा बाण छान यायचा. पण बाणाखालचा तेजोमेघ नखाएवढासुद्धा नसायचा. दुर्बीण घ्यायचीच, असं तेव्हा ठरवलं.

मला मोठी नळी हवी होती. ओळखीच्या एका शिक्षकांकडे ८ इंची आरशाची डोब्सोनियन (हाताने फिरवायची दुर्बीण) होती, ती त्यांनी आठवडाभर वापरायला दिली. शनीची कडी पाहून आई कितीतरी वेळ डोळा काढेना. डोळ्यांनी पाहायला अशी दुर्बीण खरंच उत्तम. कॅमेरा लावला तेव्हा मात्र फोकसच मिळेना. आरशाकडून येणारा प्रकाश जिथे एकवटतो ती जागा नळीच्या इतकी जवळ होती की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथपर्यंत पोचतच नव्हता. बार्लो लेन्स (फोकस नळीपासून बाहेर ढकलणारं जोडभिंग) घातल्यावर चंद्राचा फोटो आला. तेजोमेघाला मिनिटभर तरी प्रकाश साठवावा लागतो आणि आकाश सेकंदाला १५ आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. हाताने ढकलायच्या दुर्बिणीला ते जमणं शक्य नाही.

मग वहीत हिशोब मांडला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद. १००० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून किंवा भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण घेतली तर चौकटीत जेमतेम सव्वा अंश आकाश येतं, आणि देवयानी तर ३ अंश लांब आहे. ४२० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ३ अंश रुंद चौकट मिळते, तिच्यात देवयानी तिरकी बसते. शिवाय नाभीय अंतर जितकं जास्त, तितकी माउंटची (दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीची) बारीकशी चूकही फोटोत मोठी दिसते. म्हणजे मला लहान दुर्बीणच हवी होती. हे पटायला दोन महिने लागले, कारण मोठ्या आरशाचं वेड सहज सुटत नाही.

६ इंची न्यूटोनियनचा (आरशांच्या दुर्बिणीचा) विचार शेवटपर्यंत होता. तेवढ्याच पैशात ती कितीतरी जास्त प्रकाश गोळा करते. पण आमच्या पांदणीतून मोटारसायकलवर नेताना तिचे आरसे रोज हलले असते आणि अंधारात रोज जुळवत बसावं लागलं असतं. मोठ्या नळीवर वाराही भरतो. शेवटी ७२ मिलिमीटर व्यासाच्या ईडी काचेची रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, घेतली. वजन दोन किलोच्या आत. साध्या काचेच्या रिफ्रॅक्टरमध्ये ठळक ताऱ्यांभोवती जांभळी कडा येते, ईडी काचेत ती बरीच कमी होते.

जमवलेल्या पैशांचे तीन वाटे केले होते. त्यातले दोन इक्वेटोरियल माउंटला, म्हणजे आभाळ सरकतं तशी दुर्बीण मोटरने फिरवणाऱ्या बैठकीला, गेले. बाबांना ते पटेना. "नळी एवढुशी, अन् खालच्या लोखंडालेच एवढे पैसे? काऊन?"

म्हटलं, "बाबा, तिफन डुगडुगली का तास वाकडं जाते न? तसंच आहे हे."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. माउंट घेताना त्यावर लिहिलेल्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त वजन फोटोसाठी चढवू नये, हा नियम मी पाळला आणि तो पाळण्याजोगा आहे.

पहिल्या रात्री माउंटचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे जुळवायला गेलो. आमच्याकडे ध्रुवतारा जेमतेम २० अंश वर असतो, तो बांधावरच्या चिंचेआड लपलेला. जागा बदलली, नीट जुळवलं, तरी तासाभरात तारे लांबट येऊ लागले. यंत्रात बिघाड असेल या धास्तीने रात्रभर झोप आली नाही. सकाळी पाहिलं तर ओलिताच्या काळ्या मातीत तिपाईचा एक पाय दोन बोटं रुतला होता. बाबांनीच घरामागून फरशीचे तीन तुकडे आणले आणि माती ठोकून पायांखाली बसवले. तेव्हापासून तारे गोल येतात.

विजेचा भरवसा नाही, म्हणून माउंट फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवतो. चार-पाच तास निघतात. भिंगावर दव धरू नये म्हणून जो गरम पट्टा गुंडाळतो, त्याला मात्र वेगळी बॅटरी हवीच, नाहीतर मध्यरात्रीच सगळं थांबतं.

देवयानीचे २ मिनिटांचे ४० फोटो घेतले आणि डीपस्कायस्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. पडद्यावर तिच्यातले धुळीचे काळे पट्टे हळूहळू वर आले. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, मग बाहेर येऊन ती वर नेमकी कुठे आहे ते विचारलं.

आता एप्रिलची वाट आहे. ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आमच्या वावरातून दक्षिणेला २२ अंश वर येतो. त्या बाजूच्या धुऱ्यावर झाड नाही. तिथल्या तीन फरशा मी आताच बसवून ठेवल्या आहेत.