फॉर्म बी आणि 'प्रेशर होल्ड करत नाही'

सोसायटीसाठी फॉर्म बी मिळवणं हे कंटाळवाणं, पण सरळ काम आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजेच फॉर्म बी, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घ्यायचा आणि दर जानेवारी-जुलैत अग्निशमन दलाकडे सादर करायचा. एजन्सी निवडणं, ठराव, कागदपत्रं यात काही अडलं नाही. आमचं गाडं अडलं ते तपासणी अहवालातल्या एका ओळीवर : 'सिस्टीम प्रेशर होल्ड करत नाही.'

कुठे होल्ड करत नाही? किती वेळात किती उतरतं? कोणत्या विंगमध्ये? काहीच लिहिलेलं नाही. एएमसीवाल्यानं (वार्षिक देखभालीच्या ठेकेदारानं) मात्र निदान करून टाकलं : जमिनीखालची लाइन सडली आहे, पोडियम उकरा आणि पूर्ण बदला. एकही व्हॉल्व्ह बंद करून न बघता कोटेशन तयार! तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

आधी व्यवस्था समजून घ्या. आमची इमारत १५ मजली, साधारण ४५ मीटर. दहा मीटर उंचीला एक किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर धरलं, तर खालच्या गेजवरचे ४.५ किलो नुसतं पाणी वर चढवण्यात जातात. सगळ्यात वरच्या हायड्रंटला (होज जोडायच्या नळाला) निदान ३.५ किलो मिळायला हवेत, म्हणजे झाले ८. पाइपातलं घर्षण वेगळं. म्हणून जॉकी पंप (लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) ८ला सुरू, ९ला बंद. मेन पंप ७ला सुरू, डिझेल पंप ६ला. मेन पंप सुरू आपोआप होतो, बंद मात्र हातानेच करायचा असतो. आगीच्या वेळी तो स्वतःहून थांबता कामा नये, म्हणून मुद्दाम तसं ठेवतात. इलेक्ट्रिशियनला 'सोयीचं' म्हणून ऑटो-स्टॉप जोडू देऊ नका.

प्रेशर गळत असलं की जॉकी दर थोड्या वेळाने घरघर करतो. रात्री त्रास नको म्हणून वॉचमन सिलेक्टर स्विच 'मॅन्युअल'वर फिरवतो. मग पंप, पाणी, पाइप सगळं शाबूत असूनही आग लागल्यावर काहीच सुरू होत नाही. गळती गंभीर का, तर यामुळे. लिटरभर पाण्याचा प्रश्नच नाही.

आता गळती शोधण्याची पद्धत. पंप बंद ठेवण्याआधी सगळ्यांना कळवा आणि पॅनलपाशी एक माणूस उभा करा. सिस्टीम ९ किलोपर्यंत भरा, तिन्ही पंप बंद करा, पंप रूममधून विंगकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. हेडरचा (पंपांच्या समाईक पाइपाचा) गेज तरीही उतरत असेल, तर दोष पंप रूममध्येच : पंपाचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) मागे पाणी सोडतोय किंवा टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. काटा स्थिर राहिला, तर एकेक विंग उघडायची आणि दर पाच मिनिटांनी गेजचा आकडा वहीत लिहायचा.

यात एक खोच आहे. वर्षानुवर्षं न हललेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह हँडल फिरलं तरी पूर्ण बसत नाही, आणि भलत्याच विंगवर संशय जातो. त्यावर उपाय म्हणजे ६३ मिमीच्या प्लगला गेज बसवून घ्या, तो प्रत्येक रायझरच्या (विंगमधल्या उभ्या पाइपाच्या) तळमजल्याच्या हायड्रंटला लावा आणि हायड्रंट उघडा. मग त्या रायझरचं प्रेशर थेट दिसतं.

आमच्याकडे दोन विंगचे काटे जागचे हलले नाहीत. तिसऱ्या विंगचा ९ वरून भराभर उतरला आणि ४.५ ला येऊन थांबला. सगळं उत्तर त्या थांबण्यात होतं. ४.५ म्हणजे गच्चीवरच्या फायर टाकीच्या पाण्याची उंची. टाकी आणि रायझर यांच्यामध्ये एनआरव्ही असतो : टाकीचं पाणी खाली येऊ द्यायचं, खालून आलेलं वर टाकीत जाऊ द्यायचं नाही. तो पास होत असेल, तर जॉकी खालच्या टाकीतलं पाणी दिवसभर वरच्या टाकीत चढवत बसतो आणि ओव्हरफ्लो पावसाच्या पाइपातून निमूट वाहून जातो.

पण नुसता ४.५ चा आकडा पुरावा ठरत नाही. लाइन खाली कुठे फुटली असली तरी वरची टाकी पाणी पुरवत राहते आणि काटा तिथेच थांबतो. म्हणून टाकीच्या लाइनचा गेट व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा ९ पर्यंत भरायचं. काटा उतरतच राहिला, अगदी ४.५ च्याही खाली गेला, तर पाइपातच गळती. आमचा काटा हलला नाही. एनआरव्ही उघडला तर फ्लॅपच्या रबराखाली गंजाची खपली अडकलेली. सीट घासली, रबर बदललं, काम झालं. पोडियमची एक फरशीही उचलावी लागली नाही, आणि हे कमिटीच्या सभेत सांगताना मला भलताच आनंद झाला!

गेट व्हॉल्व्ह नंतर उघडल्याची खात्री करा. तो उघड्या स्थितीत साखळी-कुलपाने बांधून किल्ली पंप रूममध्ये टांगा.

एजन्सीचं लायसन्स मुदतीत आहे का आणि राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत नाव आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं. हे वर सांगायचं राहिलं. 'न येता सर्टिफिकेट देतो' म्हणणारे भेटतातच. त्यांना फोनवरच वाटेला लावा. अहवालात पंप किती प्रेशरला सुरू झाला आणि वरच्या हायड्रंटला किती मिळालं, हे आकडे लिहूनच मागा.

डिझेल पंपाची बहुतेक बोंब बॅटरीची असते, इंजिनाची नव्हे. आठवड्यातून एकदा सुरू करा. होज बॉक्समध्ये ब्रांच पाइप (होजच्या टोकाला लावायची नळी) आहे का ते उघडून पाहा. पितळी असला तर चोरीला जातो. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला, तरी हायड्रॉलिक प्रेशर टेस्टची तारीख वेगळी बघावी लागते.

आणि इलेक्ट्रिकल डक्ट. इंटरनेटवाले केबल ओढताना प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधलं डक्टचं सील फोडतात आणि तसंच सोडून जातात. खालच्या मीटर रूममधला धूर त्या भोकांतून थेट वरच्या मजल्यांवर पोचतो. ती भोकं साध्या पीयू फोमने बुजवू नका, तो स्वतःच पेटतो. फायर-रेटेड सीलंट किंवा मॉर्टरच लागतं, आणि केबलवाल्याकडून काम संपल्याची सही ते भरून झाल्यावरच घ्यायची.