इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटरला पुण्याच्या फ्लॅटबद्दल आधी सांगा

आपल्याकडे खरेदीखताला दोन्ही बाजू सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जातात, फोटो निघतो, अंगठे उमटतात. इंग्लंडमध्ये घर घेणारा आणि विकणारा एकदाही समोरासमोर न येता व्यवहार पुरा होतो. मालकीची कागदपत्रं तपासणं, कौन्सिलचे सर्च (त्या घराबद्दलच्या सरकारी नोंदींची तपासणी) मागवणं, बँकेचा पैसा पोचवणं, शेवटी लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव लावणं, सगळं सॉलिसिटर, म्हणजे तुमचा वकील, करतो. त्यामुळे तो निवडताना घाई करू नका.

ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंट त्याच्या ओळखीचा सॉलिसिटर सुचवतो. अनेकदा एजंटला त्याबद्दल रेफरल फी मिळते. किती, ते विचारा. त्याचाच माणूस घ्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

सॉलिसिटरच्या फीचा अंदाज, म्हणजे कोट, हातात आला की वरचा मोठा आकडा सोडा, खालच्या ओळी वाचा. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या) फ्लॅटचे जादा पैसे, बँक ट्रान्सफरचे, ओळखपत्रं तपासण्याचे, आईवडिलांनी दिलेल्या पैशांची छाननी करण्याचे, आणि फीवर २० टक्के व्हॅट. सर्च आणि लँड रजिस्ट्रीची फी वेगळीच. 'नो सेल, नो फी' म्हणणारे स्वतःची फी सोडतात, पण व्यवहार मोडला तर सर्चवर गेलेले पैसे तुमचेच जातात. आणि एक्सचेंज, म्हणजे करार दोन्ही बाजूंना बंधनकारक, होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतं, म्हणून हे आधी लेखी घ्या. तुमच्या बँकेच्या पॅनेलवर (कर्जाच्या कामासाठी मान्य केलेल्या यादीत) फर्म आहे का आणि फाइल प्रत्यक्ष कोण सांभाळणार, हेही विचारा. फोन उचलणारा माणूस मिळणार असेल तर शे-दोनशे पौंड जास्त गेले तरी मला ते योग्य वाटतात.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. समजा, घर साडेतीन लाख पौंडांचं आहे. पहिलंच घर घेणाऱ्याला सध्याच्या दरांनी स्टॅम्प ड्यूटी २,५०० पौंड पडते. पण जगात कुठेही याआधी घर तुमच्या मालकीचं झालं असेल तर ही सवलत जाते आणि आकडा ७,५०० होतो. ते घर आजही तुमच्याकडे असेल आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर साधारणपणे पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के लागतात. एकूण २५,००० पौंड. नवराबायको मिळून घेत असतील तर एकाच्या नावावरचा फ्लॅटही मोजला जातो. बाबांनी प्रेमाने कोथरूडच्या फ्लॅटवर तुमचं नाव घातलं असेल, तर तो हिस्सा खरोखर तुमचा धरला जाईल का, हे पहिल्याच फोनवर विचारा. सॉलिसिटरने स्वतः हा प्रश्न काढला तर तो माणूस कामाचा आहे, असं समजायला हरकत नाही.

भारतातून पैसे आणणार असाल तर तेही आधीच बोला. बाबांची एफडी मोडली, तिची स्टेटमेंट्स, पैसे कुठून आले याचा पुरावा, सगळं मागतात. काही फर्म परदेशातला पैसा स्वीकारतच नाहीत, आणि हे डिपॉझिट भरायच्या आठवड्यात कळणं फार वाईट.

शेवटचं: 'आमचा खाते क्रमांक बदलला' असा ईमेल आला तर एक पौंडही पाठवू नका. सुरुवातीला मिळालेल्या नंबरवर स्वतः फोन लावा आणि खात्री करा.