ओवी आणि धावदोरा

आमच्या गिरगावच्या चाळीत गोधडीला कुणी कधी कला म्हटले नव्हते. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने बांधायचे आणि या उकाड्याच्या शहरातही सवयीने पायांवर ओढून घ्यायचे, एवढेच तिचे काम. शेजारच्या खोलीतली मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वस्त्रकला शिकली आणि तिने आजीची विरलेली गोधडी पुन्हा शिवायला घेतली, तेव्हा तिच्या सुईत सुती दोऱ्याच्या जोडीला स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा वीजवाहक दोराही होता. लॅमिंग्टन रोडवरून (त्याला भडकमकर मार्ग म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे) आणलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिने एका कोपऱ्यात दडवला. बोट टेकताच दोऱ्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते, बोर्ड तो बदल टिपतो आणि आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी सुरू होते.

मला हे पोट दाबले की बोलणाऱ्या बाहुलीसारखे वाटले, आणि तसे मी तिला सांगितलेही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतली कुठलीही घ्या, तिला जात्याच्या फेऱ्याची लय असते. नुसत्या बोटाने लागणाऱ्या ओवीत दळण कुठे आहे, हा माझा आक्षेप होता.

ती रागावली नाही, पण दोन महिने फारशी बोललीही नाही. मग एका संध्याकाळी तिने गोधडी माझ्यापुढे अंथरली. आता टाक्यांच्या ओळीवरून हात फिरवत राहिले तरच ओवी पुढे सरकत होती, आणि जात्यात दाण्यांची वैरण घालताना बाईने क्षणभर थांबावे तशी हात अडला की थांबत होती. मी बराच वेळ हात फिरवत बसलो. आक्षेपाचा विषय पुन्हा काढला नाही.

पावसाळ्यात दमट हवेने गोधडी अपरात्री आपोआप गाऊ लागली, त्याबद्दल चाळीत जे बोलले गेले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

आजीने मात्र गाण्याकडे लक्षच दिले नाही. तिने काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “अगं, टाका सैल पडलाय. सुई दे.”

“आजी, त्यात करंट आहे!”

“असू दे. उसवलं तर तो तरी कुठून जाईल?” असे म्हणत तिने त्या पोलादी दोऱ्याचे टोक जिभेने ओले केले आणि ती तो सुईत ओवू लागली.