एल्फ सावळा असला म्हणून काय झाले?

आज संध्याकाळी कॉलेज रोडवर भाचीच्या मित्रमंडळींत टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या जगावर बेतलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर'वरून चांगलीच जुंपली. २०२२ साली आलेल्या या मालिकेत इस्माएल क्रूझ कोर्दोव्हा या पोर्तो रिकोच्या अभिनेत्याने एल्फ, म्हणजे त्या कथेतल्या अमर लोकांपैकी एक, साकारला, आणि त्यावरून चाहते म्हणवणाऱ्यांनीच त्याला वर्णद्वेषी शिवीगाळ केली. "मूळ पुस्तकाशी ही प्रतारणा आहे," असे एक मुलगा तावातावाने सांगत होता. पटकथा सैल आहे, हे त्याचे म्हणणे मलाही मान्य आहे. परंतु त्या कथेतल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांपैकी हारफूट जमातीचे इतरांहून सावळे होते, असे खुद्द टॉल्किन यांनीच कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. जादूची अंगठी, चालती-बोलती झाडे, मरण नसलेले लोक हे सारे बिनतक्रार पटते आणि कातडीचा रंग तेवढा खटकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या नाशिकात १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तिथल्या मुलांनी तरी 'यांचे इथे काय काम' असे इतक्या सहज म्हणू नये. एवढा वेळ गप्प बसलेली भाची मग म्हणाली, "शाळेच्या नाटकात मला दरवर्षी राक्षसीणच करायचे." त्या मुलाने माझ्याकडे पुस्तक मागितले आहे, उद्याच नेऊन देते.